आत्याचं सहावं घड्याळ

माझ्या आत्याला घड्याळांचा नाद आहे. ती भूल देणारी डॉक्टर. बीडहून गेवराई, माजलगाव, जिथून फोन येईल तिथं स्वतः गाडी चालवत जाते. लग्न केलं नाही. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. दर तीन-चार वर्षांनी एक भारी घड्याळ घेते. अशी पाच झाली होती. ऑपरेशनला जाताना मनगटावर काहीच ठेवता येत नाही, त्यामुळे ही घड्याळं तिच्या सुटीची आणि हौसेची.

सहावं घ्यायचं ठरलं तेव्हा पप्पा म्हणाले, "ताई, हात दोनच हायेत तुला."

"तुझे बूट मोजू का मी?" आत्या म्हणाली. पप्पा हसत पेपरात शिरले.

मग ती माझ्याकडे वळली. "या वेळी तू निवड. तुला त्यातलं इंग्रजी कळतं."

मला कुणी काही निवडायला सांगत नाही. मी फारशी बोलत नाही, म्हणून मला मत नसेल असं सगळे धरून चालतात, आणि मीही ते चालू देते. त्यामुळे पुढचे दोन आठवडे मी मन लावून वाचलं. आत्याच्या मनात एक आधीच भरलं होतं: सायीच्या रंगाच्या तबकडीचं, पातळ, रोज चावी द्यावी लागणारं. फोनवर त्याचा फोटो मोठा करून ती मला दाखवायची.

खरं तर ते सुंदरच होतं. पण मला दुसरंही काही दिसत होतं. आत्याच्या पाचांपैकी दोन चावीची. सकाळच्या चहाबरोबर ती त्यांना चावी द्यायची, मी लहानपणापासून पाहत आलेय. दिवाळीपासून ती दोन्ही बंद होती. एक पावणेचारला थांबलेलं, दुसरं साडेदहाला. हल्ली ती पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवून म्हणायची, "उघड गं जरा." चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. विचारायचं कसं, हे मला कळत नव्हतं. तिचं सगळं काम हातांवर. वहीत मी चावीच्या आणि आपोआप चालणाऱ्या घड्याळांचे गुण-दोष लिहून काढले, फक्त हे एक कारण लिहिलं नाही.

शनिवारी आम्ही संभाजीनगरला निघालो. उसाच्या ट्रॉल्यांमागे थांबत थांबत शहागडचा पूल ओलांडेपर्यंत अकरा वाजले. मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा खिडकीबाहेर पाहिलं.

दुकानातल्या माणसानं पांढरे हातमोजे घालून ते सायीच्या रंगाचं घड्याळ मखमलीवर ठेवलं. "चावी देऊन दाखवतो, मॅडम."

"द्या इकडं. मीच देते."

तिनं अंगठा आणि बोट यांत ती बारीकशी चावी धरली. दोन वेळा फिरवली. तिसऱ्यांदा तिचे ओठ घट्ट मिटले. मग हात टेबलाखाली नेऊन ती हसली. "लई छान हाय. बोल, हेच ना?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. अशा दुकानांत इंग्रजी बोललं की मला धीर येतो, पण हे इंग्रजीत सांगण्यासारखं नव्हतं.

"आत्या, हे नको."

"कावून?"

"रोज चावी द्यावी लागेल."

"मग? आजवर देतच आले की."

"घरातली दोन दिवाळीपासून बंद आहेत."

दुकानदार काचेवरचा नसलेला डाग पुसू लागला. आत्या माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर मी पुन्हा कधी कुणाला काही सांगितलं असतं असं मला वाटत नाही. तिनं घड्याळ मखमलीवर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, चावी न लागणारं दाखवा. अंगठा दुखतो माझा."

त्यानं हाताच्या हालचालीवर आपोआप चालणारी चार मांडली. मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी एकेकाचा पट्टा उघडून-मिटून पाहिला. तीन घड्याळांचे अडले. चौथ्याचा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं की सुटायचा. निळी तबकडी, जाडजूड.

"हे तर पहिलवानाचं हाय!" आत्या म्हणाली. पण स्वतःच्या हातानं तिनं ते तीनदा काढलं आणि घातलं. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, "हिनं निवडलं." त्या दोन शब्दांसाठी मी तिची ऋणी आहे.

त्याआधी, येताना गाडीत तिनं विचारलं होतं, "कुणाला बोललीस?"

"नाही."

"बरं केलंस. दवाखान्यात कळलं तर म्हणतील, बाईचा हात गेला."

"तू कुणाला दाखवलंस?"

शहागड मागे पडल्यावर ती म्हणाली, "सोमवारी जाऊ. तू चल संग."

सोमवारी हाडांच्या डॉक्टरांनी तिचा अंगठा दाबून पाहिला आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय, मॅडम?"

आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. मी कमी करून सांगीन."

मग मी सांगितलं. पहिल्या बाटलीपासून, सगळं.