साहेबाच्या हाताची मूठ

गुणवंतराव मास्तरांचा उजवा हात थरथरायचा. मनकर्णाला त्याची इतकी सवय होती, की दाराची कडी नुसतीच किणकिणत राहिली, उघडेना, की ती आतूनच म्हणायची, "या, या. थांबा, मी काढते." ब्रह्मदेशच्या लढाईतून मास्तर धडधाकट परत आले होते. हात तेवढा तिकडचं काहीतरी घेऊन आला होता.

लढाईवरून आलेला माणूस म्हणून खैरगावच्या शाळेनं त्यांना ड्रिल शिकवायला ठेवलं. पोरं पाठीमागे त्यांना 'पिंपळपान मास्तर' म्हणत. वाऱ्याची झुळूक नसली तरी हलणारं पान. मास्तरांना ते ठाऊक होतं. कधी कधी तर ते स्वतःच हसायचे.

पण एक दिवस हेडमास्तर घरी आले आणि ओट्यावर न बसताच म्हणाले, "गुणवंतराव, पोट्टे हासतेत तं हासू द्या. पण इन्स्पेक्टर साहेब येऊन राह्यले. त्यायच्यापुढं तुमचा सलाम असा पाखरावानी फडफडला, तं मंग माह्या हातात काही राहत नाई."

नवराबायकोचं पोट त्या सलामावर चालत होतं.

पलटणीतला जुना जोडीदार सुकलू या थरथरीवर इलाज सांगत आला होता. "नेमबाजी कर, गुणवंता. बावीसची पिस्तूल घे. माणसं मारायची नाई, कागद मारायचा. रोज कागद मारला का हात आपोआप बसते."

"हात बसते का घर बसते?" मनकर्णा म्हणाली. पण लायसन निघालं तेव्हा मास्तरांसोबत चांद्याला तीही गेली. डोंग्यातून वैनगंगा ओलांडली, मूल गावाला छोटी रेल्वेगाडी धरली. वाटभर तिनं नवऱ्याचा हात पदराखाली धरून ठेवला होता, लोकांना दिसू नये म्हणून.

खुर्शीदभाईचं दुकान जटपुरा गेटाच्या आत होतं. बंदुका दुरुस्त करायच्या, जुन्या विकायच्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाची थट्टा करायची, असे त्याचे तीन धंदे. त्यानं गादीवर एकेक पिस्तूल मांडली.

"ही विलायती. नवी कोरी. हिची किंमत ऐकून तुमच्या बाईले चक्कर येईल, म्हनून सांगत नाई. ही दुसरी सस्ती हाये, पर निशाणा कुठी लागन ते अल्लाले मालूम. आन् ही..."

तिसरी त्यानं कापडातून काढली. लांब नळीची, एका वेळी एकच गोळी घेणारी, कागदावर नेम मारण्यापुरती केलेली. लोखंड साधं होतं, मूठ मात्र साधी नव्हती. अक्रोडाचं काळपट लाकूड एका माणसाच्या पंजाबरहुकूम कोरलेलं होतं. बोटांच्या खाचा, अंगठ्याचा खड्डा, तळव्याला टेकायला फुगवटा. पाहिलं तर वाटावं, कुणाचा तरी हात आत्ताच इथून उठून गेलाय.

"आलापल्लीकडं एक गोरा साहेब राहत होता. त्याच्या हाताचं माप हाये हे," खुर्शीद म्हणाला. "म्हनून तं सस्ती. आतापर्यंत ज्यानं उचलली त्याच्या हातात टोचली. तुमी पाहा, नाई जमली तं नवी मूठ बसवून देतो, पर त्याचे पैसे अलग."

"साहेब मेला का?" मनकर्णानं विचारलं.

"गेला," खुर्शीद म्हणाला आणि दुसरीकडे पाहायला लागला.

मास्तरांनी पिस्तूल उचलली. रोजच्या वहाणेत पाय जावा तसा हात त्या खाचांमधून आत गेला. आणि थांबला. नळीचं टोक समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे होतं, ते तसूभर हलेना. मास्तर स्वतःच्याच हाताकडे वेड्यासारखे पाहत राहिले.

"या अल्ला," खुर्शीद पुटपुटला. मग धंदेवाईक आवाजात म्हणाला, "आता ऐका. हिचा घोडा काडतुसाच्या बुडाच्या कडेवर पडते. रिकामी चालवू नका, नळीचा काठ चेपते. सराव करायचा असन तं आत रिकामं टरफल ठेवून करा."

मास्तर ऐकतच नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग घराचा क्रमच बदलला. शाळा सुटली की मास्तर नाल्याच्या उंच दरडीपाशी जायचे, दरडीला कागद टोचायचे आणि मोहाच्या बियांची टोळं फुटावीत तसा बारीक आवाज येत राहायचा. घरी आले की नळीत दोरीनं तेलाची चिंधी ओढायची, मूठ पुसायची, पेटीत ठेवायची. लवकरच पिस्तूल हातात नसतानाही हात स्थिर राहायला लागला. इन्स्पेक्टर आले. मास्तरांनी सलाम ठोकला आणि तो कपाळापाशी कोरल्यासारखा उभा राहिला. हेडमास्तरांनी मनकर्णाकडे पेढे पाठवले.

तिनं पेढा तोंडात घातला आणि तिला कळेना, आपल्याला रडू का येतंय.

कारण तो हात आता तिला ओळखू येत नव्हता. खाटेवर शेजारी पडलेला तो हात लाकडासारखा पडायचा. जेवून उठल्यावर त्याचा अंगठा तिसऱ्या बोटाशी जायचा आणि तिथे काहीतरी गोल गोल फिरवत बसायचा. मास्तरांनी जन्मात अंगठी घातली नव्हती.

"अजी, काय फिरवून राह्यले?"

"कुठी काय?" मास्तर म्हणायचे. त्यांना खरंच ठाऊक नसायचं. ते सांगायचे शाळेची गोष्ट, आणि खाली हात आपलं काम करत असायचा.

आणखी एक खोड लागली. ओट्यावर बसले, की हात मांडीवर दोनदा थोपटायचा. थप, थप. जरा थांबायचा, वाट पाहिल्यासारखा. परत थप, थप.

"कोनाले बोलावता?" ती एकदा चिडून म्हणाली. "आपल्या घरी कोंबडीबी नाई!"

आणि मग एका कातरवेळी ज्याला तो हात बोलावत होता, ते आलं. जंगलाच्या वाटेनं एक म्हातारं कुत्रं लंगडत आलं. लांब कानांचं, खैरगावात कुणाकडे नसतं तशा जातीचं, अंगाला काटे अडकलेलं. गावातल्या कुत्र्यांनी एरवी कालवा केला असता. ती सगळी शेपट्या आत घेऊन घरांच्या भिंतींना चिकटली. म्हातारं कुत्रं सरळ ओट्यावर चढलं आणि मास्तरांच्या मांडीजवळ डोकं ठेवून त्यानं असा एक उसासा सोडला, जसा मुक्कामाला पोचलेला माणूस सोडतो. मास्तरांच्या हातानं त्याचा नेमका डावा कान चोळला.

"हे कोनाचं कुत्रं?" मास्तरांनी विचारलं. आवाज घाबरलेला होता. हात घाबरलेला नव्हता.

त्या दिवसापासून मास्तर कातरवेळी फिरायला जायला लागले. हात मांडी थोपटायचा, कुत्रं उठायचं, दोघं जंगलाच्या वाटेनं निघायचे. आधी नाल्यापर्यंत. मग मोहाच्या राईपर्यंत. मग त्याच्याही पलीकडे, आणि रोज परतायला थोडा जास्त उशीर.

"कुठी जाता?"

"माहीत नाई," मास्तर म्हणाले. "पाय मोकळे होतेत." मग वहाणा काढता काढता, "मनकर्णा, परत फिरावं वाटत नाई तिकडून."

शेजारी गोंडाची म्हातारी होती, मंगली. छपराच्या कवेलूंवर वाळत घातलेली मोहफुलं काढता काढता ती मास्तरांकडे पाहत राहायची. एके दिवशी तिनं मनकर्णाला कुंपणापाशी बोलावलं.

"बाई, हात तं मास्तरचा हाये. दांडा कोनाचा होय?"

"कसला दांडा?"

"आमच्यात मानूस मेला का त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा काढून त्याच्यासंगं देतेत. लोखंड पोराले, दांडा त्याले. तुमच्या माहेराकडं नाई का?"

मनकर्णाच्या माहेरीही तसंच होतं. बाप गेला तेव्हा भाऊ मुखरूनं विळ्याची, कुऱ्हाडीची, वासल्याची, सगळी लाकडं काढून तिरडीवर ठेवली होती. माणसाचा घाम वर्षानुवर्षं पिऊन लाकूड त्याचंच होऊन जातं. लोखंड कोणाचंच होत नाही. हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी दुकानात साहेब मेला का, एवढं विचारून ती गप्प बसली होती. कुऱ्हाडीला दांडा असतो, वासल्याला असतो. पिस्तुलीलाही असतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ते तिला सगळं लोखंडच वाटलं होतं, शिवणाच्या मशीनसारखं.

पुढच्या बाजाराला खुर्शीदभाई आला. रानडुकरांसाठी ठेवलेल्या बंदुका दुरुस्त करत तो गावोगाव फिरायचा. ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि आडवं पडलेलं कुत्रं पाहून त्यानं पाय परत घेतला.

"ये कहां से आया?"

"तुमी ओळखता का याले?"

खुर्शीदनं पाणी मागितलं. पिऊन झालं तरी गडवा हातातून सोडेना.

"ते साहेबाचं होतं, बाई. साहेब ओसरीवर बसून बोटातली अंगठी फिरवायचा आन् याले थोपटून बोलवायचा. शेवटी शेवटी त्याले फिरायचा नाद लागला. रोज थोडा पुढं. एक दिवस पिस्तूल टेबलावर ठेवली, कुत्र्याले घेतलं आन् गेला. अख्खं जंगल पालथं घातलं. ना साहेब मिळाला, ना हे."

"म्हंजे त्याले जाळलंबी नाई? पुरलंबी नाई?"

"काय पुरतेत? सापडला तं पायजे."

"आन् हे तुमी मले दुकानात सांगतलं नाई!"

"सांगतलं असतं तं तुमी घेतली असती का?" खुर्शीद म्हणाला, आणि मग खाली मान घालून, "गलती झाली. नवी मूठ कोरून देतो. फुकट."

संध्याकाळच्या आधी तिनं मास्तरांपुढे विषय काढला. ते शांतपणे ऐकत होते. अंगठा फिरत होता.

"मूठ काढली तं हात परत हालन," ते म्हणाले.

"हालन."

"मंग नोकरी जाईन. समजते का तुले? पोट्टे परत हासतीन. माह्या उभ्या आयुष्यात मी असा सलाम... मनकर्णा, मी बरा झालो. तुले कायची भीती वाटून राह्यली?"

"तुमी बरे झाले नाई. हात दुसऱ्याचा झाला. आज तो कुत्र्याले घेऊन जाते, तुमाले संगं नेते. एक दिवस नेईन आन् आनून देनार नाई."

"काहीतरीच," मास्तर म्हणाले. आणि हातानं मांडीवर थोपटलं. थप, थप.

कुत्रं उठलं. मास्तर उठले. त्यांच्या तोंडावर तिला पहिल्यांदा दिसलं की त्यांना उठायचं नव्हतं. ते तिच्याकडे पाहत पाहत ओट्यावरून उतरले, पुरात वाहून जाणारा माणूस काठाकडे पाहतो तसे.

मनकर्णा आत धावली. पेटी उघडली. मुठीला दोन स्क्रू होते. ढब्बू पैशाची कड त्यात घालून तिनं फिरवली. पहिला सुटला. दुसरा सुटेना, तिचं नख उलटलं. शेवटी मूठ निघाली तेव्हा तिच्या हाताला गरम लागली, नुकतीच कुणी सोडल्यासारखी. उरलेलं लोखंड पेटीत केवढंसं दिसत होतं. ते तिथेच टाकून ती जंगलाच्या वाटेला लागली.

राईच्या पलीकडे, सागाची झाडं दाट होतात तिथे तिनं त्यांना गाठलं. पाखरं बोलत नव्हती. मास्तर पुढे, कुत्रं पुढे, आणि त्यांच्याही पुढे वाटेवरची वाळली पानं हलत होती, कुणी चालत गेल्यासारखी एकापाठोपाठ.

ती ओरडली नाही. लहानपणी तिरडीपुढे बायका बोलत तशा साध्या आवाजात म्हणाली, "साहेब, तुमचं तुमाले आनलं हो. आमच्याकडून उशीर झाला. घेऊन जा आन् आमचा मानूस ठेवा."

तिनं मूठ वाटेच्या मधोमध ठेवली आणि मागे सरली.

पुढची पानं हलायची थांबली.

म्हातारं कुत्रं वळलं. लंगडत आलं, मूठ हुंगली, आणि अंडं उचलावं इतक्या जपून ती तोंडात धरली. मनकर्णाकडे त्यानं पाहिलंही नाही. सागांमध्ये ते शिरलं, आणि पानं पुन्हा वाजायला लागली. कुत्र्याची, आणि अजून कुणाची. दूर दूर जात राहिली.

मास्तर खाली बसले होते. त्यांचा हात मातीवर पडला होता आणि थरथरत होता, पहिल्यापेक्षाही जास्त, जाळ्यातून सुटलेल्या मासोळीसारखा. मनकर्णानं तो दोन्ही हातांत घेतला.

"उद्या शाळेत काय सांगू?" मास्तरांनी विचारलं.

"सांगा, घरी आलो म्हनून."

शाळेत सांगून भागलं नाही. ड्रिल दुसऱ्याकडे गेली. हेडमास्तरांनी रदबदली केली म्हणून पहिलीचा वर्ग मिळाला, पगार कमी झाला. पहिलीतल्या पोरांची पाटीवरची अक्षरं मास्तरांच्या फळ्यावरच्या अक्षरांसारखीच वाकडी यायची, तेव्हा तिथे कुणी हसेना. कातरवेळी मात्र मास्तर ओट्यावर बसेनात. दार लावून आत बसत, आणि मनकर्णाही त्यांना कशाला म्हणून विचारत नसे.

खुर्शीद शब्दाला जागला. शिवणीच्या लाकडाचा ठोकळा आणि ओल्या चिकणमातीचा गोळा घेऊन आला. "धरा मास्तर, पिस्तूल धरल्यावानी. मातीत माप उमटलं का तसंच कोरतो."

मास्तरांनी गोळा धरला. हात हलला, बोटं सरकली, एकेक खाच रुंद होऊन शेजारच्या खाचेत मिसळली. खुर्शीदनं गोळा उलटसुलट करून पाहिला.

"मास्तर, हे माप होय का नाला? जरा तं थांबवा. मी मनगट धरू का?"

मास्तर ओशाळले. त्यांनी डाव्या हातानं उजवा दाबून धरला. गोळ्याकडे दुसऱ्यांदा हात नेला.

"सोडा तो हात," मनकर्णा म्हणाली. तिनं गोळा त्यांच्यापुढून उचलला आणि खुर्शीदच्या टोपलीत ठेवला. "दुसरं माप घ्यायचं नाई. हालला तसा हालला. हाये तसंच कोरा, भाऊ."

"याच्यानं कागदाले गोळी लागायची नाई, बाई."

"नको लागू दे."