दाजींनी न प्यायलेला द्राक्षारस

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फर्निचरला पॉलिश करायचे. पॉलिशवाल्याजवळ तुम्ही कधी उभे राहिला असाल तर पुढचं सांगायला नको. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा बोळा मऊ फडक्यात गुंडाळून त्यात बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. दिवसभर हे केल्यावर अंगाला जो वास येतो, तो गुत्त्यातून उचलून आणलेल्या माणसालाही येत नसेल. दाजींच्या सदऱ्याला तो वास, उशीला तो वास, त्यांच्या बायबलच्या पानांनाही तोच वास. आमची आक्का म्हणायची, "बघायला आले तेव्हा मला सर्दी होती, म्हणून हे लग्न जमलं."

आणि गंमत अशी, की हा माणूस थेंबाला शिवत नव्हता. खोकल्याचं औषधसुद्धा त्यात काय काय आहे ते दुकानदाराला विचारून मगच घ्यायचे. मी पडलो मेहुणा, थट्टा हा माझा हक्कच. "दाजी, जरा लांब बसा, मला चढायला लागलीय." दाजी बोळा फिरवत म्हणायचे, "चढू दे. उतरवायला तुझी आक्का समर्थ आहे."

दाजींना जगात एकच मान होता, तो चर्चच्या चावीचा. रविवारी सगळ्यांआधी जाऊन दारं उघडायची, बाकं पुसायची आणि वेदीच्या बाजूच्या लहान खोलीतल्या कपाटातून प्रभुभोजनाची भाकर, पेला आणि द्राक्षारसाची बाटली काढून ठेवायची. हे काम ते असं करायचे, की जणू राजवाड्यात नेमणूक झालीय. पेला पुसताना शीळसुद्धा घालायचे नाहीत, आणि दाजींना शीळ घालू नका म्हणणं म्हणजे बेडकाला उडी मारू नको म्हणण्यासारखं.

मंडळीचा कारभार तीन पंच बघायचे. एक पोस्टमास्तर. नोकरीतून निवृत्त झालेले, पण अजूनही समोरच्या माणसाकडे पत्ता अपुरा असल्यासारखे बघायचे. दुसरे कंपाउंडर. यांचं उभं आयुष्य डॉक्टरांच्या हाताखाली गेलं, त्यामुळे डॉक्टरांपेक्षाही गंभीर चेहरा करायला शिकले होते. तिसऱ्या बेकरीवाल्या बाई. बाईंच्या अंगी दया भरपूर, पण त्यांच्या पावासारखी. ताजी मिळाल्याचं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. आणि या तिघांवर पाळकसाहेब. भला माणूस. भांडण दिसलं की डोळे मिटून प्रार्थनेला लागायचे आणि भांडण संपल्यावर डोळे उघडायचे.

तर एका रविवारी कंपाउंडरांच्या लक्षात आलं, की बाटलीतला द्राक्षारस कमी झालाय. पूर्वी मिक्‍श्चरच्या बाटलीवर डोस मोजायला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे, आठवतं ना? तसली पट्टी कंपाउंडरांनी घरून आणून बाटलीला लावली. पुढच्या रविवारी बघितलं तर दीड डोस गायब!

आता कपाटाची एक चावी दाजींकडे आणि तीन पंचांकडे एकेक. पण पंचांवर संशय कोण घेणार? पंच म्हणजे पंच. आणि दाजींच्या तर अंगालाच पुरावा येत होता.

उपासनेनंतर त्यांना लहान खोलीत बोलावलं. मी दारातच उभा होतो. मला जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. कंपाउंडर उठले, दाजींच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि साप चावल्यासारखे मागे सरले. "येतोय!"

"अहो, येणारच," दाजी म्हणाले. "कालच पाळकसाहेबांचं टेबल पॉलिश केलं."

मला राहवेना. म्हटलं, "कंपाउंडरसाहेब, तुम्ही बसला होतात त्या खुर्चीचाही वास घ्या. तीसुद्धा झिंगलेली निघेल."

"तुम्ही नात्यातले आहात," पोस्टमास्तर म्हणाले. "तुम्ही बोलू नका."

मग बेकरीवाल्या बाईंनी गोड आवाज काढला. "हे बघा भाऊ, आम्ही काही शिक्षा करायला बसलेलो नाही. तुम्ही फक्त कबूल करा. आम्ही क्षमा करतो. लगेच करतो, आत्ता करतो."

आमच्या मंडळीला क्षमा करायची फार हौस. अडचण एवढीच, की क्षमा करायला कुणीतरी पापी लागतो, आणि आमच्याकडे सगळेच आपापल्या मते सज्जन. त्यामुळे दाजी सापडले तेव्हा तिघांचे चेहरे असे उजळले होते, की आता काय सांगू!

दाजी म्हणाले, "मी प्यायलो नाही."

"पण कबूल केलं तर काय बिघडलं? प्रकरण मिटेल."

"बाई, खोटी साक्ष देऊ नकोस अशी आज्ञा आहे. ती शेजाऱ्याबद्दल आहे हे मला माहीत आहे. पण स्वतःबद्दल दिली तर चालते, असं कुठं लिहिलंय का?"

पंचांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले.

निर्णय झाला. चावी काढून घ्यायची, आणि कबुली देईपर्यंत दाजींनी प्रभुभोजनाला पुढं यायचं नाही.

चावी गेली त्याचं दाजींना वाईट वाटलं, पण ते आक्काला बोलण्याइतपत. प्रभुभोजन बंद झालं त्याचं मात्र ते फारसं बोललेच नाहीत. पहिल्या रविवारी सगळी मंडळी उठून पुढं गेली आणि हे मागच्या बाकावर एकटे बसून आपल्या लाखेनं तांबूस झालेल्या बोटांकडे बघत राहिले. परत येताना रस्त्यात मला म्हणाले, "आज वाटलं, प्रभूनंच मला पानावरून उठवलं." सायकलचं दुकान आलं. मग म्हणाले, "नंतर विचार केला, त्यानं नाही उठवलं. कंपाउंडरनं उठवलं. दोघांत फरक आहे."

आक्काला हा फरक पटत नव्हता. "नदीपलीकडं दुसरं चर्च आहे. तिथले पंच बहिरे आहेत असं ऐकलंय. तिकडं जाऊ."

"मी काय केलंय म्हणून जाऊ? माझं भांडण बाटलीशी आहे, त्याच्याशी नाही."

उलट जेवणाआधीच्या प्रार्थनेत दाजी रोज तिन्ही पंचांसाठी प्रार्थना करायला लागले. कंपाउंडरांची कंबर, पोस्टमास्तरांचा मोतीबिंदू, बाईंची भट्टी, सगळं सविस्तर. आमटी निवून जायची. आक्का एक डोळा उघडून म्हणायची, "त्यांचं भलं करायचं तर करा, पण आधी जेवून घ्या. आणि त्या बाईंची भट्टी राहू द्या, तिला देवाचीही मदत पुरायची नाही."

पण मी जवळून बघत होतो. प्रार्थना लांबत होती ती प्रेमानंच, असं मला वाटत नाही. कंपाउंडरांचं नाव यायच्या आधी दाजी दोनदा घसा साफ करायचे. राग गिळायला वेळ लागतो हो.

एक दिवस पाळकसाहेब दुकानात आले. मी तिथं उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांच्या पायांमध्ये बसून वर्तमानपत्र वाचत होतो. दाजी एका मोठ्या कपाटाच्या दारावर शेवटचा हात मारत होते. या शेवटच्या हाताची एक शिस्त असते. बोळा एकदा लाकडाला टेकला की थांबायचं नाही. थांबला की तिथंच चिकटतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. तोंडही उघडायचं नाही, थुंकीचा कण उडाला तरी पांढरा डाग पडतो. पाळकसाहेबांना हे कोण सांगणार?

ते स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, मला तुमची जागा रिकामी बघवत नाही. एक वाक्य म्हणा, की चूक झाली. लोकांसमोरही नको, मला एकट्याला सांगा. या रविवारी तुम्हाला मी स्वतः पुढं घेतो."

दाजींचा हात गोल गोल फिरतोय. डोळे मात्र भरून आले. मी पाहिलं ना! या रविवारी पुढं, म्हणजे तीच तर त्यांची भूक होती.

पाळकसाहेबांनी भरलेले डोळे पाहिले, बंद ओठ पाहिले. "कळलं मला," असं म्हणाले, दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि दार पुरं व्हायच्या आत निघूनही गेले.

रविवारी वेदीवरून जाहीर झालं. "आपल्या भावानं अश्रू ढाळत, मूकपणे पश्चात्ताप केला आहे. मंडळी त्यांना क्षमा करीत आहे."

बेकरीवाल्या बाईंनी रुमाल काढला. लोक मागं वळून प्रेमानं बघायला लागले. आक्का कधी नव्हे ते हसली. आता दाजींनी फक्त बसून राहायचं होतं. बोलायचंसुद्धा नव्हतं! गप्प बसलं की जागा परत, पेला परत, चावीही बहुतेक परत. मी मनात म्हटलं, दाजी, या वेळी तरी गप्प बसा.

दाजी उठून उभे राहिले. "पाळकसाहेब, माफ करा. मी पश्चात्ताप करत नव्हतो. पॉलिश करत होतो."

गायनमंडळातली एक मुलगी फिस्सकन हसली. मग सगळं चर्च हसलं.

"आणि ते अश्रू?" पाळकसाहेबांनी बिचाऱ्यांनी विचारलं.

"ते खरे होते," दाजी म्हणाले. "मला पुढं यायचंय. पण खोटं बोलून आलो तर आलो काय आणि न आलो काय."

परत मागचं बाक. आक्का दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही, माझा काय दोष होता देव जाणे.

इकडं बाटलीचं काय झालं म्हणाल, तर चावी काढून घेतल्यावर ती जास्तच वेगानं रिकामी व्हायला लागली. पंचांनी कुलूप बदललं. नव्या चाव्या फक्त तिघांकडे. तरी पट्टीवरचे डोस खाली खाली. मी पोस्टमास्तरांना गाठून विचारलं, "आता हो?" ते जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "एखादं पत्र आज टाकलं तरी महिन्यानं पोचतं. तुमच्या दाजींच्या चोरीचंही तसंच होत असणार."

मी टोपी काढून नमस्कार केला.

शेवटी एका रविवारी प्रभुभोजनाची वेळ झाली, गीत झालं, आणि लहान खोलीतून पेलाच बाहेर येईना. गीताचं शेवटचं कडवं आम्ही परत म्हटलं. मग पुन्हा एकदा. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. कडवं संपलं आणि मधल्या शांततेत पोस्टमास्तरांचा आवाज आला.

"बाटली रिकामी कशी? गुरुवारी मी चाखली तेव्हा चार डोस होते!"

"चाखली?" हा कंपाउंडरांचा आवाज.

"पाणी घातलंय का ते बघायला! मला तुमचा संशय होता."

"माझा? अहो, मी तर दर मंगळवारी तपासतो. मिक्‍श्चर जिभेवर घेतल्याशिवाय कळतं का? आणि ते पातळ लागत होतं, म्हणून खात्रीसाठी आणखी घ्यावं लागलं."

"पातळ लागणारच," बाई म्हणाल्या. "मीच पाणी घालत होते. मंडळीची लाज राखायला. पहिल्यापासून मी आंबलंय का ते बघतेय. पीठ काय, रस काय, चाखूनच कळतं."

तीन धंदे, पण तिघांचीही खात्री जिभेनंच व्हायची. एकानं तिकिटं चाटण्यात आयुष्य घालवलेलं, एकानं औषधं, एकीनं पीठ. चोर पकडायला तिघांनी मिळून चोराचा सगळा माल संपवला होता, आणि चोर मात्र मागच्या बाकावर गीताचं पुस्तक धरून कोरडाच.

त्या दिवशी प्रभुभोजन झालंच नाही. पंचांची बैठक मात्र झाली, आणि निर्णयही फलकावर लागला. पंचांनी केलेली तपासणी मंडळीच्या हिताची होती. झाल्या गैरसमजाबद्दल दाजींना उदार मनानं क्षमा करण्यात येत आहे.

म्हणजे बघा, शेवटी क्षमा केलीच! हौस पुरी झाली.

आक्का तो कागद फाडायला निघाली होती. मी तिच्या पुढं निघालो होतो. दाजींनी आम्हा दोघांना धरलं. "राहू दे. त्यात मला पुढं यायला बंदी आहे असं कुठं लिहिलंय? नाही ना? मग झालं."

नवी बाटली आली. आमच्याकडे वेदीपुढं ओळीनं गुडघे टेकायचे आणि पेला हातोहात जायचा. शेजाऱ्यानं पुढच्या शेजाऱ्याला द्यायचा. त्या रविवारी दाजी सगळ्यांत आधी उठले. पंच आधीच ओळीत जाऊन बसले होते, आणि पोस्टमास्तरांच्या एका बाजूची जागा रिकामीच होती. त्या दिवशी पंचांशेजारी बसायला कुणीच पुढं होत नव्हतं. दाजी सरळ जाऊन तिथं गुडघ्यांवर बसले. त्यांच्या मागं मी.

पेला आला. दाजींनी दोन्ही हातांनी घेतला. किती वेळ तो ओठांशी धरून ते थांबले होते! मग एक घोट घेतला, काठ पुसला आणि पेला पोस्टमास्तरांपुढं धरला.

पोस्टमास्तर घेईनात. त्यांची मान खाली, कान लाल. कुजबुजले, "भाऊ, तुमच्या हातून कोणत्या तोंडानं घेऊ? त्या फलकावरचा मजकूर मीच..."

"ते नंतर सांगा," दाजी म्हणाले. "आधी घ्या. मागं लोक गुडघ्यांवर खोळंबलेत."