वजनाचा सोमवार

शकुंतलाबाई गेल्याचं मला आहारकेंद्रातच कळलं. त्यांचा भाचा दारात उभा राहून म्हणाला, "मावशी पहाटे गेली..." खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सोमवार, मुलांची वजनं घेण्याचा. बाई शेजारी नसताना ती घ्यायची कशी?

दुष्काळाच्या वर्षी आमच्या संस्थेनं विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत हे केंद्र काढलं. दुपारी मुलांना खिचडी द्यायची. मी तिथली सेविका. घरात कमावणारी एकटीच. संस्थेच्या चिटणीसांना महिन्याकाठी किती ताटं वाढली एवढंच हवं असे. पुढे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स शकुंतलाबाई देखरेखीला आल्या. मी तोऱ्यात ताटांचा आकडा सांगितला. "ताटं राहू दे की गं," त्या म्हणाल्या, "पोरांच्या अंगी किती लागलं ते सांग." मला काय सांगता येणार, कपाळ! पुढच्या सोमवारी त्यांनी नवी पेठेतल्या धान्याच्या दुकानातून जुनी तागडी आणून टांगली. जी मुलं खंगलेली दिसत होती त्यांना रोज पेलाभर दूध सुरू केलं. वजन वाढायला लागलं, की ते दूध दुसऱ्या मुलाला.

आयांना हे मुळीच पटेना. गंगव्वा तर कडाडली, "लेकरू काय जवारी हाय का मापायला? नजर लागती!" तिची मल्ली दोन वर्षांची, दूध मिळणाऱ्यांतली. ती तिला तागडीजवळ फिरकू देईना. तेव्हा वजनं मी एकटीच घेई, बाई संध्याकाळी वही पाहत. रकाना रिकामा दिसला तर बाई बोलतील, दूध पाजूनही आकडे वाढले नाहीत तर खर्च वाया म्हणून चिटणीस केंद्रच बंद करतील... या धास्तीनं मी मल्लीचं वजन अंदाजानं लिहू लागले. दर खेपेला थोडं वाढवून. कागदावर मल्ली बाळसं धरत होती. ते पाहून बाईंनी तिचं दूध बंद केलं.

एकदा मल्ली चार दिवस आली नाही. बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या. पोरीचे पाय सुजले होते, मान धरवत नव्हती. बाई माझ्याकडे वळल्या. "वजन तर वाढत होतं की?" मी टांगा आणायला धावले. टांग्यातून दवाखान्यात जाताना मी सगळं सांगून टाकलं. गंगव्वा शेजारीच बसली होती. तिच्याकडे पाहायची माझी छाती झाली नाही. "भीती वाटली हो बाई," मी म्हणाले. बाईंनी मल्लीची मान सावरून धरली. मग म्हणाल्या, "मला वाटत नाही होय? रोज वाटते. म्हणून तर मापते."

मल्ली वाचली. पण दवाखान्यातले ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. त्याच दिवसांत गंगव्वानं रडत सांगितलं, "तितं खिचडी खाती म्हनून घरात भाकर देत न्हवते. धाकल्यास्नी देत होते." घरोघरी तेच चाललं होतं. आम्ही ताटं वाढत होतो आणि मुलं तेवढीच उपाशी राहत होती. बाईंनी चिटणीसांना हे तोंडावर सांगितलं, माझी चूकही लपवली नाही. मी मागेच उभी होते. चिटणीस चिडले, पण केंद्र राहिलं, माझी नोकरीही. खिचडीची वेळ भर दुपारवरून चार वाजता नेली, म्हणजे घरची दुपारची भाकर चुकेना. सोमवारी आता बाई स्वतः तागडीपाशी उभ्या राहत, मग आयाही मुलं पुढे करत. हळूहळू वजनं खरोखर वाढू लागली.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या सोमवारी, सगळ्या आया भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी पुढे होईना. मीही तागडीला हात लावेना. शेवटी गंगव्वा उठली. कडेवरचं शेंडेफळ तिनं स्वतःच पारड्यात बसवलं आणि म्हणाली, "घ्या की अक्का. कमी भरलं तर कमीच लिवा."

कमीच भरलं. भीती वाटली, पण मी कमीच लिहिलं.