तेलासाठी लावलेला कौल

माझी मुलगी जुई साडेतीन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून एकही शब्द आला नव्हता. आ, ऊ असे नुसते सूर यायचे. भूक लागली की ती माझा हात धरून स्वयंपाकघरात न्यायची आणि डब्याकडे बोट दाखवायची. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावत होते, हात जोडत होते, पण ते केवळ सवयीने. मनातून मी फार कोरडी झाले होते. मुरबाडच्या आतल्या एका गावात मी वाढले. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. वडील शाळेत गेले नव्हते, पण मी धडा मोठ्याने वाचू लागले की हातातले काम थांबवून ते ऐकत बसायचे. अक्षरांनी मला त्या गावातून कल्याणला आणले, डोंबिवलीच्या कारखान्यात टेबलावरची नोकरी दिली. आणि माझ्याच लेकीला साधे ‘आई’ म्हणता येऊ नये, याचा अर्थ मला लागत नव्हता. देव ऐकत असेल, तर मग इतका गप्प का, असे वाटायचे.

लोक आपापल्या परीने धीर देत. शेजारचे काका म्हणायचे, त्यांचा मुलगाही उशिरा बोलला आणि आता हॉलमध्ये टीव्हीला बोलू देत नाही. नात्यातल्या एका काकूंनी मात्र लग्नघरात सगळ्यांसमोर विचारले की आई दिवसभर नोकरीवर, मग पोरीने बोलायचे तरी कुणाशी? मी हसले आणि पंगत उठेपर्यंत पानातली पुरी तशीच कुस्करत राहिले. घरात उपाय चालूच होते. सासूबाई मधात वेखंड उगाळून जुईच्या जिभेवर लावायच्या. पोपटाने टोचलेला पेरू मुलाला दिला की त्याला वाचा फुटते असे कोकणात मानतात, म्हणून त्यांनी कुठून कुठून तसे पेरू मिळवले. मोबाईल तर आम्ही तिच्या दृष्टीसही पडू देत नव्हतो. पुढे जवळच्या बालवाडीतून निरोप आला की हिला सांगितलेले कळत नाही, हिला इथे बसवून उपयोग नाही. त्या दिवशी आमच्या घरात प्रथमच कुणीतरी ‘मंद’ हा शब्द उच्चारला. यजमानांच्याच तोंडून तो निघाला, आणि निघाल्यावर ते उठून खिडकीशी गेले.

सासूबाई संगमेश्वराकडच्या. मासळीशिवाय त्यांचा घास उतरत नसे. त्यांनी गावच्या देवीला गाऱ्हाणे घातले की नात बोलेपर्यंत या घरात मासळी शिजणार नाही आणि कुणी खाणारही नाही. नवस त्या एकट्याच बोलल्या, पण पाळायचा आम्ही सगळ्यांनी. यजमान एकदा जेवताना म्हणाले, “पोरीचं तोंड उघडायला देवीने माझं बंद केलं.” सासूबाई हसल्या नाहीत. बाजारातून येताना त्या कोळणींच्या गल्लीला वळसा घालून यायच्या, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

अशात फोनवरच्या पालकांच्या एका गटात ठाण्याच्या एका आईने लिहिले की तिच्या मुलाला माशाच्या तेलाच्या गोळ्या सुरू केल्या आणि तो बोलू लागला. त्या तेलात मेंदूला लागणारी चांगली चरबी असते, असे तिने समजावून सांगितले होते. खाली कितीतरी आयांनी हात जोडले होते. मीही जोडले. आमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, वयाप्रमाणे मी सांगेन तेवढेच द्या, अपाय नाही, पण फार आशा धरू नका. मग त्यांनी सहज विचारले, “हिला ऐकू नीट येतं ना?” आम्ही दोघेही एकदम हो म्हणालो. आमच्या चाळीसमोर गणपतीत ढोल वाजला की जुई सगळ्यांच्या आधी दाराशी धावायची आणि नाचायची. ज्या मुलीला ढोल ऐकू येतो तिच्या कानांची शंका कोण घेणार?

बाटली घरी आली. तिच्यावर माशाचे चित्र होते. सासूबाईंनी चष्मा लावून ते पाहिले आणि बाटली ओट्याच्या अगदी टोकाला नेऊन ठेवली. नातीने बोलावे म्हणून ज्या घरात मासळी बंद केली, त्याच घरात नातीने बोलावे म्हणून मासळीचे तेल आले होते. जवसातही तशीच चरबी असते असे वाचून मी जवसाची चटणी केली, पण जुई ती थुंकून टाकी. शेवटी सासूबाईच म्हणाल्या की देवीला विचारू. गावच्या देवळाचे तात्या गुरव आमच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी देवळातून व्हिडिओ कॉल केला, फोन खांबाला टेकवून ठेवला आणि कौल लावला. आमच्याकडे देवीच्या मूर्तीवर दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तात्यांनी गाऱ्हाणे घातले की हे तेल औषध म्हणून लेकराला दिले तर चालेल का, नवस मोडत असेल तर डावा दे. आम्ही सगळे पडद्याकडे डोळे लावून बसलो, आणि नेमके तेव्हाच चित्र अडकले. यजमान पुटपुटले, “देवीला रेंज नाही.” सासूबाईंनी त्यांच्या मांडीवर चापट मारली. थोड्या वेळाने तात्यांचाच फोन आला. कौल उजवा पडला होता.

त्यानंतर रोज सकाळी सासूबाई स्वतः ती गोळी सुईने टोचायच्या आणि वरणभाताच्या घासात पिळायच्या. तो वास साऱ्या स्वयंपाकघरात पसरायचा. त्या हात पुन्हा पुन्हा साबणाने धुवायच्या, आणि एकदा मी त्यांना बोटे नाकाशी नेऊन डोळे मिटताना पाहिले. जुईला मात्र ते तेल आवडले. ती चमचा चाटून पुसून द्यायची. सासूबाई म्हणायच्या, रक्त कुठे जाईल? पहिले काही आठवडे मला तिच्यात बदल दिसू लागला. ती जास्त हसते, डोळ्यांत बघते, तिचा आ थोडा लांबला आहे, असे मी ऑफिसात मैत्रिणींना सांगत असे. मग सांगणे आपोआप कमी झाले. बाटल्या संपत होत्या, नव्या येत होत्या, आणि जुई तशीच माझा हात धरून डब्याकडे बोट दाखवत होती. मी देवीवरही रागावले. उजवा कौल दिलास, मग पुढचे का देत नाहीस? एक दिवस दिवा न लावताच झोपले.  सासूबाईंनी उठून लावला.

खडवलीला नदीकाठी एक लहानसे महादेवाचे देऊळ आहे, तिथे न बोलणाऱ्या मुलांना घंटेचे पाणी देतात, असे सासूबाईंना भजनातल्या कुणीतरी सांगितले. माझे मन नव्हते. त्यांच्या गुडघ्यांकडे बघून मी सोबत गेले. तिथली रीत अशी की पुजारी आरतीची छोटी घंटा मुलाच्या पाठीमागे वाजवतो, मग तिच्यावरून पाणी सोडतो आणि ते मुलाला पाजतो. जुई सभामंडपात बसून बेलाची पाने एकावर एक रचत होती. पुजाऱ्यांनी घंटा वाजवली. शेजारी कुणाचे तरी तान्हे मूल दचकून रडू लागले. जुई पानेच रचत होती. मला त्यात काही वेगळे वाटले नाही, ती नेहमीच अशी आपल्या नादात असायची.

खांबाला टेकून एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील, हातात नारळाची पिशवी. आमची त्यांची ओळख नाही. त्यांनी मला विचारले, हिला ऐकू येते का? मी काहीशा तुटकपणे ढोलाचे सांगितले. त्या उठल्या, पुजाऱ्यांकडून घंटा मागून घेतली आणि जुईच्या मागे उभ्या राहून वाजवली. एका कानाशी, मग दुसऱ्या. जुईने मान हलवली नाही. मग त्या कोपऱ्यातल्या नगाऱ्याकडे गेल्या आणि त्यावर एकदा तळहात मारला. जुई गर्रकन वळली आणि हसली.  बाई परत येऊन माझ्याजवळ बसल्या.

“माझा भाऊ असाच होता,” त्या म्हणाल्या. “नगारा ऐकायचा, घंटा नाही. बोलत नाही म्हणून सगळे त्याच्या तोंडाला औषध लावत राहिले. कान कुणी बघितलाच नाही गं. मुका म्हणूनच गेला तो.”

मग सावकाश म्हणाल्या, “हिला आधी कानाच्या डॉक्टरकडे ने. पाणी पाज, पण ने.”

पुजाऱ्यांनी पाणी पाजले. सासूबाईंनी प्रसादाचा नारळ फोडला आणि त्या बाईंना तुकडा द्यायला मी वळले, तर त्या गेल्या होत्या. बाहेर टमटम नुकतीच स्टेशनच्या दिशेने निघाली होती, त्यात त्या असाव्यात. मी नावही विचारले नव्हते. सासूबाई आजही म्हणतात ती देवीच होती. यजमान म्हणतात, शहापूरकडची कुणी बाई असेल. मी या वादात पडत नाही. एका माणसाने आपले जुने दुःख उघडून माझ्या मुलीसाठी वापरले, एवढे मला पुरेसे आहे.

कानांच्या तपासणीसाठी मूल झोपलेले असावे लागते. जुई माझ्या मांडीवर झोपली आणि तिच्या कपाळाला, कानांमागे वायरी लावल्या. तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी नंतर शांतपणे सांगितले की जाड, खोल आवाज हिच्यापर्यंत पोचतात, पण बारीक, चढे आवाज दोन्ही कानांत जवळजवळ पोचतच नाहीत. आपले बोलणे तिला बंद दाराआडून कुणी पुटपुटावे तसे येते. शब्दांच्या कडाच तिला ऐकू येत नाहीत, मग ती उच्चारणार कशा? मला तिला म्हटलेली सगळी अंगाईगीते आठवली, रामरक्षा आठवली, रागाच्या भरात ओरडलेले आठवले. सगळे त्या बंद दाराला जाऊन लागले होते. यजमानांनी तेलाचे विचारले. डॉक्टर म्हणाल्या, “बोलणं उशिरा येणाऱ्या मुलांना या तेलाने फायदा होतो की नाही, मी खात्रीने सांगू शकत नाही. कुणी खात्री देत असेल तर सावध राहा. द्यायचं की थांबवायचं ते मुलांच्या डॉक्टरांना विचारा. पण तेलाने कान उघडणार नाही.”

 घरी आल्यावर सासूबाईंनी मला विचारले, “मग देवीने उजवा कौल का दिला गं?”

मी म्हटले, “आई, आपण तेलाचंच विचारलं होतं.”

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. बोलल्यावर मात्र ते माझ्याच मनात राहिले. आम्ही देवीला तेलाचे विचारले, तिने तेलाचे उत्तर दिले. जुईला काय होते आहे, हे आम्ही कुणालाच विचारले नव्हते. उत्तर आम्ही आधीच ठरवले होते आणि देवीकडून त्यावर फक्त होकार हवा होता. माझी रोजची प्रार्थनाही अशीच असायची. हे दे, असे दे, लवकर दे. हातातली मागणी खाली ठेवून मी कधी देवापुढे बसलेच नव्हते.

यापुढे सगळे सुरळीत झाले असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. कानामागे लावायची यंत्रे आली तेव्हा जुईने ती ओढून काढली आणि आक्रोश केला. इतकी वर्षे शांत असलेल्या डोक्यात एकदम भांडी, पंखा, नळ सगळे शिरले. आठवडाभर घरात रडण्याशिवाय काही नव्हते. वाचा शिकवणाऱ्या ताई डोंबिवलीत आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितले की गेलेला काळ भरून निघायला वेळ लागेल, आणि बोलणे किती स्वच्छ येईल ते आज कुणालाही सांगता येणार नाही. मी ते ऐकले, आणि पहिल्यांदाच देवाकडे तारीख मागितली नाही. तेल डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही थांबवले. सासूबाईंचा नवस चालू आहे.

परवा सकाळी मी ऑफिसला जायच्या घाईत केस विंचरत होते. जुई उठून आली. रोज आम्ही तिच्यामागे धावून ती यंत्रे बसवतो. त्या दिवशी तिने स्वतःच डबी उघडली, दोन्ही यंत्रे तळहातावर घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग मान तिरकी करून तिने एक कान माझ्यापुढे केला. ती काही बोलली नाही. मी ते यंत्र बसवले. तिने मान दुसऱ्या बाजूला वळवली, मी दुसरेही बसवले. मग ती तशीच, न हलता थांबली. माझ्या तोंडाकडे बघत, मी काय म्हणते त्याची वाट पाहत.

देवापुढे कसे उभे राहावे, हे मला माझ्या न बोलणाऱ्या मुलीने दाखवले. मी कंगवा खाली ठेवला, तिच्यासमोर बसले, आणि हळू आवाजात तिचे नाव घेतले.