टेबलाची दुसरी बाजू

इस्त्रीवाल्या काकूंचं डोकं फिरलंय हे घरच्यांना कळलं, ते त्यांनी ऑपरेशनला नकार दिल्यावर. त्याआधी त्या चांगल्या शहाण्या होत्या. रक्त द्या म्हटलं, दंड पुढे केला. मशीनमध्ये झोपा म्हटलं, झोपल्या. तेव्हा कोणाला त्यांचं डोकं तपासावंसं वाटलं नाही. पोटातली गाठ काढायची, पण या वयात टेबलावरच काही बरंवाईट होऊ शकतं, असं सर्जन म्हणाले आणि काकू म्हणाल्या, "मग नको."

लगेच मुलाला आठवलं, की आई वारलेल्या बाबांशी बोलते. "अहो, ही कॉलर बघा." "अहो, थोरलीला फोन करू का?" दुकानातल्या लांब टेबलाच्या एका बाजूला ते आणि समोर त्या, असा दोघांनी जन्म काढला होता. ते गेले तरी काकूंनी ती बाजू रिकामी ठेवली आणि बोलणंही थांबवलं नाही. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नसे. मुलाने मात्र मनाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. आईला समजत नाही असं ठरलं, की त्याची सही चालणार होती.

डॉक्टरीणबाई हॉस्पिटलातल्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या. मुलगा पायथ्याशी उभा.

"आजी, काय झालंय तुम्हाला?"

"गाठ. नाही काढली तर मी जाणार. काढली तरी किती दिवस मिळतील, ते कोणी सांगत नाही. आणि ते नळ्या लावून आडवं पडून काढायचे. मला ते उभ्याने काढायचेत, दुकानात."

"आजोबांशी बोलता म्हणे?"

"बोलते की."

"उत्तर देतात?"

"मेलेला माणूस कुठलं उत्तर देतो, बाई? जिवंतपणी तरी कुठे धड देत होते."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "मग विचारता कशाला?"

काकूंचा आवाज चढला. "शेवटी त्यांना कोणी विचारलं नाही म्हणून. नळी घालताना ते मान हलवून नको म्हणत होते. हा म्हणाला, बाबा गुंगीत आहेत. मीही गप्प बसले. म्हणून आता कॉलरीपासून सगळं विचारते."

"ऑपरेशनचंही विचारलंत?"

"नाही. पोट माझं आहे."

मुलगा रडकुंडीला आला. "आई, तू मरशील गं."

"मरेन की. अमरपट्टा घेऊन कोण आलंय? पण माझं तोंड बंद करून मला जगवणार असशील, तर ते जगणं तुझं तूच ठेव."

डॉक्टरीणबाई उठल्या. "आईंना सगळं नीट समजतंय," त्या मुलाला म्हणाल्या. "तुमची सही चालणार नाही."

मुलगा घुश्श्यातच होता. काकूंनी घरी येताच दुकान उघडलं, तेव्हा तो आला, इकडेतिकडे घुटमळला आणि शेवटी टेबलाच्या रिकाम्या बाजूला जाऊन उभा राहिला. हातात दुखण्याची गोळी होती.

"आई, आत्ता घेतेस, की जेवल्यावर?"

काकूंनी इस्त्री उभी केली. त्या बाजूने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना काही विचारलं होतं.

"जेवल्यावर," त्या म्हणाल्या.