खोक्याची पूजा

कळंबची निशिगंधा घरच्या कॉम्प्युटरवर लग्नांचे व्हिडिओ तयार करून देते. नवं ग्राफिक्स कार्ड जुन्या पॉवर सप्लायला झेपत नव्हतं. वरमाला आली की कॉम्प्युटर बंद. रविवारी तर व्हिडिओ द्यायचा होता. तिने यवतमाळहून मोठा सप्लाय आणला.

सासूबाई, शकुबाई, हळदकुंकू वाहिल्याशिवाय नवी वस्तू चालू करू देत नाहीत. प्रिंटरमधून अजून अक्षता निघतात. म्हणून निशिगंधाने सप्लाय गुपचूप काढून घेतला आणि पूजेला रिकामं खोकं ठेवलं. शकुबाईंनी त्याच्यावर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली.

सप्लाय चालूच झाला नाही. दोघी दुकानात गेल्या.

"खोकं असं हळदीनं भरलेलं वापस नाही घेत, ताई. वापरलेलं दिसते," दुकानदार म्हणाला.

"हळद लागली मंजे लगन झालं का रे बापू?" शकुबाई म्हणाल्या.

दुकानदाराने सप्लाय तपासला. तो मुळातच बिघडलेला होता, म्हणून मुकाट्याने बदलून दिला. शकुबाई मात्र त्या बिघडलेल्या सप्लायकडे बघत होत्या. त्याच्यावर कुंकवाचा ठिपकाही नव्हता.

"मी खोक्याचीच पूजा केली काय वं?"

"हो, आई."

"तरीच."

घरी निशिगंधाने नव्या सप्लायची जाळी तळहाताने झाकली आणि पत्र्यावर बोट ठेवलं. "इथं लावा."

कॉम्प्युटर सुरू झाला. वरमाला पार पडली, विदाई झाली, व्हिडिओ पूर्ण निघाला. शकुबाईंनी पूजेचं ताट काही उचललं नाही.

"आता ते कार्ड काढ," त्या म्हणाल्या. "त्याच्याबी खोक्याचीच पूजा झालती ना?"