दैवशालाचं साउंड कार्ड

आष्टीत बाजारगल्लीच्या तोंडाशी दैवशालाची पिठाची गिरणी आहे. सकाळी सातला तिचा पट्टा फिरायला लागतो तो दुपारी लाइट जाईपर्यंत. गिरणीच्या मागच्या खोलीत तिचा नवरा सोमेश्वर मुलांना पेटी आणि गाणं शिकवतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी दैवशाला लग्न होऊन केदारखेड्याहून इथं आली, तेव्हा तिच्या मावश्या आईला म्हणाल्या होत्या, पोरीच्या जन्माचं वाटोळं केलंस. दैवशालाला मात्र नवऱ्याची एकच अडचण आठवते. भाजीत मीठ कमी पडलं की ते त्याला तिच्या आधी कळतं.

सोमेश्वरकडे एक जुना लॅपटॉप आहे. त्यात एक बाई बोलते. पडद्यावर जे असेल ते ती वाचून दाखवते, आणि तिच्या बोलण्यावर सोमेश्वर सगळी कामं करतो. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या एका जुन्या शिष्येचा, कशफचा फोन आला. बांगडीवाल्या हाशिमभाईंची ही मुलगी. तिलाही दिसत नाही. सात वर्षं ती सोमेश्वरकडे पेटी शिकली आणि आता जालन्याला अंध मुलींच्या निवासी शाळेत संगीत शिकवते.

"सर, मुलींसाठी तुमचे धडे पाहिजेत," ती म्हणाली. "अगदी सरगमपासून. मी शिकवते, पण तुम्ही जसं बसवून घ्यायचे तसं मला न्हाई जमत."

सोमेश्वरने लॅपटॉपवरच एक धडा रेकॉर्ड करून पाठवला. कशफने तो ऐकला आणि हसत सुटली. पेटीपेक्षा लॅपटॉपचा पंखाच जास्त वाजत होता. पंधरा दिवसांनी तिने पार्सल पाठवलं. त्यात एक माइक होता, कानाला लावायचे मोठे हेडफोन होते आणि विटेच्या अर्ध्या तुकड्याएवढी एक लाल पेटी होती. तेच साउंड कार्ड. माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये स्वच्छ न्यायचं काम त्याचं.

पार्सल उघडलं त्या दिवशी दुपारी एकला लाइट गेली आणि गिरणी थांबली. दैवशाला पिठाने पांढरे झालेले हात धुऊन मागच्या खोलीत आली. सोमेश्वरने सगळ्या वस्तू बोटांनी चाचपून ठेवल्या होत्या. त्याने लाल पेटीची वायर लॅपटॉपला लावली, आणि लॅपटॉपमधली बाई बोलता बोलता वाक्याच्या मध्येच गप्प झाली.

त्याने एक बटन दाबलं. दुसरं दाबलं. मग सगळीच दाबून पाहिली.

"बोलत न्हाई," तो म्हणाला. "दैवशाला, हे बंद पडलं का?"

"न्हाई. चालू हाय. पडदा दिसून राह्यला मला."

"मंग बोलत का न्हाई?"

नवऱ्याच्या आवाजात अशी भीती तिने फार क्वचित ऐकली होती. एकदा जालन्याच्या बस स्टँडवर गर्दीत तिचा हात सुटला होता तेव्हा, आणि आज. तिने त्याचे हात किबोर्डवरून उचलून आपल्या मांडीवर ठेवले. मग तिने कशफला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"बिलकुल घाबरू नका सर," कशफ म्हणाली. "आवाज कुठं गेला न्हाई. लॅपटॉपने तो त्या लाल पेटीत धाडलाय. हेडफोन पेटीला लावा."

"त्याची पिन बारीक हाय. पेटीचं भोक मोठं हाय," सोमेश्वर म्हणाला.

"एक जाड पिन पाठवली होती ना? काकू, बघा जरा. आपल्या तिघांत डोळे तुम्हाला एकटीलाच हायत."

दैवशालाने खोक्यातला कागद न् कागद उलटा केला. जाड पिन शेवटी केराच्या टोपलीत, प्लास्टिकच्या एका चिमुकल्या पिशवीत सापडली. कचरा समजून ती पिशवी तिने सकाळीच केरात टाकली होती. जाड पिनमध्ये बारीक पिन बसली, ती पेटीत गेली, आणि सोमेश्वरच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला तिला दिसला. हेडफोनमध्ये बाई पुन्हा बोलायला लागली होती.

पण आता माइक मुका होता. कशफ म्हणाली, पेटीवर अठ्ठेचाळीसचा आकडा असलेलं बटन असेल, ते दाबल्याशिवाय त्या माइकला वीज मिळत नाही. आकडा दैवशालाला लगेच सापडला. दाबल्यावर लाल दिवा लागला. सोमेश्वरने हार्मोनियमवर हात ठेवून एक सरगम गायली आणि हेडफोन फोनजवळ धरून ती सगळ्यांना ऐकवली. त्याच्या प्रत्येक ओळीमागून लॅपटॉपमधली बाई पण बोलत होती. सा रे ग म, रेकॉर्डिंग सुरू. ग म प ध, सात सेकंद.

फोनवर कशफ आणि इकडे दैवशाला, दोघी पोट धरून हसल्या. सोमेश्वर तेवढा हसला नाही.

"त्याला लूपबॅक म्हणतात," कशफ म्हणाली. "लॅपटॉपचा आवाज पण रेकॉर्डिंगात घेतो ते. काकू, पेटीवर एल अक्षरापासून काही लिहिलंय का?"

दैवशाला सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं गिरणीच्या मोटरवर आणि औषधाच्या बाटलीवर वाचण्यापुरती. पेटी उजेडाकडे धरून ती एकेक अक्षर बोलू लागली. "एल. ओ. परत ओ. पी. मंग बी..."

"बास, तेच! दाबा."

त्या बटनाचा दिवा विझला. पुढचं रेकॉर्डिंग स्वच्छ आलं. पण दैवशालाला चिंता लागली की उद्या ती गिरणीवर असताना याला ही बटनं कशी ओळखू येतील. तिने आरशावरचं टिकल्यांचं पाकीट आणलं. अठ्ठेचाळीसच्या बटनावर एक टिकली चिकटवली, लूपबॅकवर दोन शेजारी शेजारी. सोमेश्वरने अंगठा फिरवून पाहिला आणि मान डोलावली.

"आता आवाज किती ठेवायचा ते बघायचं," तो म्हणाला. "मी गोल बटन फिरवतो. तू माइकमधी बोल."

"काय बोलू?"

"काहीबी. सकाळपासून काय काय केलं ते सांग."

सोमेश्वरने रेकॉर्डिंग सुरू करून हेडफोन लावले. दैवशाला माइकजवळ सरकली. इतक्या जवळ तोंड नेऊन मोठ्याने बोलणं तिला विचित्र वाटलं, म्हणून ती हळू बोलली. "पाचला उठले. नळ आल्ता, पाणी भरलं. तातेरावची ज्वारी दळली, त्यात खडेच खडे, चाळून घ्यावी लागली. मंग तुमचा चहा..."

सोमेश्वरचा हात गोल बटनावर थांबला होता. त्याने मान किंचित खाली घातली होती.

"झालं का बराबर? थांबू?"

"न्हाई. बोल."

सकाळचं सगळं सांगून संपलं, तरी तो हेडफोन काढेना. मग दैवशालाला जे सुचेल ते ती बोलू लागली. धान्य ओतायला वर चढताना गुडघा दुखतो म्हणाली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, "लग्न झालं त्या साली गिरणीचा पट्टा सारखा सुटायचा, आठवतं का तुम्हाला?"

"आठवतं की. दिवसातून दोनदा."

"सुटत नव्हता. मीच गिरणी बंद करायचे. तुम्ही आत पोरांना शिकवायचे, ते ऐकू यावं म्हणून."

सोमेश्वरने गोल बटनावरचा हात काढला. मग त्याने हेडफोन काढून गळ्यात घेतले. "गिरणीच्या आवाजात बोलायची सवय तुला. घरात पण तू ओरडूनच बोलतीस. हा आवाज मी एकोणीस सालात ऐकलाच न्हाई गं."

"कसा हाय?"

"लई मऊ हाय," तो म्हणाला, आणि ते रेकॉर्डिंग त्याने पुसलं नाही. कोणत्या नावाने ठेवलं ते दैवशालाने पडद्यावर पाहिलं, पण ते इंग्रजीत होतं. अक्षरं जुळवायला तिला थोडा वेळ लागला. धड्याचं नाव असेल असं वाटलं होतं, निघालं तिचंच.

त्या दिवसापासून रोज दुपारी एक ते तीन, लाइट गेली की, काम सुरू झालं. लाइट गेली म्हणून सगळी गल्ली कुरकुरे, खूश असे तो एकटा सोमेश्वर. गिरणी बंद, टीव्ही बंद, बोअरची मोटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर चाले आणि लाल पेटी लॅपटॉपवर. कशफने सांगितलं होतं की प्रत्येक धड्याआधी त्याचा नंबर आणि नाव बोललेलं असावं. सोमेश्वरने माइक दैवशालाकडे वळवला.

"मी? माझी भाषा खेडवळ. पोरी हसतील."

"हसू दे. तू बोल."

"धडा पहिला. साधी सरगम," दैवशाला बोलली, आणि घाम पुसत मागे सरकली. दहाव्या धड्यापर्यंत तिचा घाम थांबला. विसाव्यानंतर ती नवऱ्याला सांगू लागली की हा सूर मघापेक्षा चांगला लागला, हाच ठेवा. संक्रांतीपर्यंत बत्तीस धडे जालन्याला गेले.

फेब्रुवारीत एका दुपारी कशफने फोनवर एक आवाज पाठवला. शाळेतल्या मुलींनी मिळून बोललेला. आधी त्यांनी सरांना नमस्कार केला, भूप राग बसवल्याचं सांगितलं, थोडं गाऊनही दाखवलं. मग एक बारीक आवाज पुढे आला.

"काकू, धडा अकरावा बोलताना तुम्हाला लई खोकला झाल्ता. औषध घेतलं का? आता बरा हाय का?"

दैवशालाने ते तीनदा लावलं. तिसऱ्यांदा तिला नीट ऐकू येईना, कारण नाक गच्च झालं होतं. तिच्या घरात तिचा खोकला ऐकणारा एकच माणूस होता. आता जालन्याला चाळीस मुली झाल्या होत्या.

"उत्तर पाठव त्यांना," सोमेश्वर म्हणाला. "फोनचं बटन दाब आणि बोल."

"फोनवर न्हाई. त्यात खरखर येती," दैवशाला म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले, लाल पेटीची वायर लॅपटॉपला लावली आणि माइक स्वतःसमोर ओढला. "तुम्ही जल्दी हेडफोन लावा, आवाज बराबर हाय का ते सांगा." मग माइकजवळ वाकून ती हळू बोलली, "बरा हाय गं पोरींनो खोकला. गुळवेलाचा काढा घेतला चार दिवस. तुम्ही जेवल्या का?"